मागच्या सीटवरचे सर

सरांचा हात कुणी न विचारता धरला की ते तो झटकून टाकत. बँकेच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, बसच्या दारात, कुठेही. समोरचा माणूस भल्या मनानं पुढे आलेला असे आणि सर त्याला म्हणत, "विचारलं काय मले? मी काय पोतं आहो, उचललं अन् बाजूले ठेवलं?" माणूस ओशाळून निघून जाई. मग सर काठीनं पायरी चाचपत आणि पुटपुटत, "पुण्य कमवाले निंगाले माह्या जिवावर."

त्यांना दिसत नव्हतं. कॉलेजात असताना नजर अधू होत गेली आणि नोकरी लागली तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं. ते मराठी आणि इतिहास शिकवत. गडचांदूरच्या आसपास त्यांना लोक 'मागच्या सीटवरचे सर' म्हणायचे, कारण शाळेला ते जोडसायकलवरून जात आणि मागच्या सीटवर बसत. पुढच्या सीटवर मी असायची. अकरावी आणि बारावी, दोन्ही वर्षं.

आमच्याकडे रागीट माणसाला लोक सांभाळून घेतात. स्वभाव आहे म्हणतात. पण न दिसणाऱ्या माणसानं रागीट असलेलं कुणाला खपत नाही. त्यानं गोड बोलावं, हात जोडावेत, भजन म्हणावं. सरांना भजन येत नव्हतं आणि हात ते फक्त सायकलच्या हँडलवर ठेवत. त्यामुळे संस्थेत ते कुणालाच आवडत नव्हते. मला आवडत होते असंही सुरुवातीला नव्हतं. मला त्यांची भीती वाटायची.

आधी ते खालच्या, गडचांदूरजवळच्या शाळेत होते. तिथली त्यांची जागा संस्थेच्या अध्यक्षांना आपल्या भाच्यासाठी हवी होती. कायम नोकरीतल्या माणसाला सरळ काढता येत नाही. म्हणून त्यांची बदली जिवतीच्या पठारावरच्या शाखेत केली. घाट चढून गेल्यावर पहिल्याच गावात ती शाळा होती. सकाळची एसटी प्रार्थना होऊन गेल्यावर वर पोचायची. काळीपिवळी जीप माणसं भरल्याशिवाय हलायची नाही. आणि वरच्या मुख्याध्यापकांची एक पद्धत होती. प्रार्थनेची घंटा झाली की ते हजेरीपटावर लाल रेघ ओढायचे. रेघेनंतर आलेला माणूस गैरहजर. असे दिवस साचले की मेमो, मेमो साचले की नोकरी जाणार. आंधळा माणूस घाट कसा चढणार, स्वतःच राजीनामा देईल, असा हिशेब होता.

सरांचं उत्तर एका वाक्यात होतं. ते मी पुढे पुष्कळदा ऐकलं. "भावाच्या ओसरीत खाटेवर बसून ताटाची वाट पाहणारा आंधळा मले नाई व्हायचं." त्यांचा मोठा भाऊ राजुऱ्याला होता, वाईट माणूस नव्हता, पण त्या ओसरीतली खाट आधीच घालून ठेवलेली होती. नोकरी गेली की सर त्या खाटेवर जाणार हे सगळ्या घरानं धरून चाललं होतं. सरांना त्या खाटेचाच राग होता.

मलाही संस्थेनंच वर पाठवलं होतं. वरची अकरावीची तुकडी टिकवायला पटावर मुलं लागायची, म्हणून काठावर पास झालेल्यांची नावं तिकडे टाकत. मी मडाव्यांची मुलगी. बाबा चुनखडीच्या डेपोवर चौकीदार, आई उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायची. घरात दहावी झालेली मीच पहिली. खाली जागा नाही म्हटल्यावर आम्ही काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. संस्थेला नको असलेली माणसं डोंगरावर ठेवायची ही रीतच होती. एक शिक्षक, काही मुलं आणि मोडकी बाकं.

जोडसायकल बल्लारपूरच्या एका भंगारवाल्याकडे पडलेली होती. पेपर मिलच्या कॉलनीतल्या कुणा साहेबांनी हौसेनं घेतलेली आणि बदलीच्या वेळी टाकून दिलेली. ती सत्तारभाईंना दिसली. सत्तारभाई म्हणजे गडचांदूरचे सायकलवाले, सरांचे लहानपणापासूनचे मित्र आणि त्यांच्याइतकेच भांडखोर. त्यांनी ती टेम्पोत घालून आणली आणि सरांना म्हणाले, "मास्तर, दो सीट की है. तू मागे बस. पुढे कोणी डोळेवाला पकड."

डोळेवाली मी निघाले, कारण बाबांची मोठी सायकल मी दांड्याखालून पाय घालून, कैचीनं चालवायची हे सत्तारभाईंना माहीत होतं. सर आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "बाई, पोरगी रोज जीपच्या टपावर लटकून जाते. माह्यासंगं सायकलवर येईन काय?"

आईनं विचारलं, "अन् पडली तं, भाऊ?"

"पडली तं मी बी पडन ना. एकाच सायकलवर आहो आम्ही."

आईला हे पटलं. आजवर कुणी तिला असं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

त्याच दिवशी सरांनी मला पहिल्यांदा 'मडावी' म्हणून हाक मारली. शाळेत आम्हाला 'ए पोरी' किंवा नुसतं 'तू' म्हणायची सवय होती. सर रागावतानाही आडनावानं रागवायचे.

सायकल सपाटीवर छान पळायची. घाट लागला की मेली. तिला गिअर नव्हता. पुढच्या पायडलांपासून एक चेन मागच्या पायडलांपर्यंत आणि तिथून दुसरी चेन मागच्या चाकाला. पुढची चेन सैल होती, ती चढावर उतरायची. मग मी रस्त्याच्या कडेला बसून हात काळे करायची आणि सर सायकल धरून सगळ्या जगाला शिव्या द्यायचे. पहिले कितीतरी दिवस आम्ही पायी ढकलतच वर पोचलो, आणि लाल रेघ आमच्या आधी पोचलेली असायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "सर, कशाला त्रास घेता? घरी आराम करा." सर म्हणायचे, "आराम तुम्ही करून राह्यले. मी शिकवाले आलो."

एक मेमो आला. दुसरा आला. दुसऱ्या मेमोच्या संध्याकाळी सर सत्तारभाईंच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "गिअर बसव. नाई तं ही सायकल घाटात फेकतो अन् तुले बी."

सत्तारभाईंनी मुलांच्या एका टाकाऊ गिअरसायकलचं मागचं चाक काढलं. ते रुंद, आमच्या सायकलचा मागचा चिमटा अरुंद. त्यांनी चिमट्यात लाकडाचा ओंडका घालून तो फाकवला. चाक बसलं. चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर ढकलणारा जो आकडा खाली लोंबतो, त्याला ते लटकन म्हणत, तेही बसलं. त्याचा खटका सरांनी आपल्या हँडलला लावून घेतला. ब्रेक माझ्याकडे, गिअर त्यांच्याकडे. "चढ तुले दिसते, पण मले कळते," ते म्हणाले.

मग तो आवाज सुरू झाला. टक्. थोडं चाललं की टक्. प्रत्येक टक्ला चेन घसरायची आणि आमचे पाय हवेत पडायचे. सर म्हणाले, "फ्रायव्हीलमधी आहे." सत्तारभाई म्हणाले, नाही. सर म्हणाले, "माहे कान खोटं बोलत नाई." मागच्या चाकाच्या दात्यांचं ते फ्रायव्हील खोललं, आतले लोखंडी छर्रे रस्त्यावर पांगले, आम्ही ते डबीत वेचले. फ्रायव्हील चांगलं होतं. परत बसवलं. टक्. सरांनी पुन्हा खोलायला लावलं. सत्तारभाईंनी पाना जमिनीवर आपटला. "मास्तर, तुझे कान शाळेत चालव. इथी नको चालवू."

मी उकिडवी बसून चेनकडे पाहत होते. सर पायडल फिरवत होते. मला दिसलं की मागचा गिअर कोणताही असला तरी टक् होतं तेव्हा चेनचा एकच काळपट तुकडा मागच्या दात्यांवर चढत असतो. मी बोलले. सत्तारभाईंनी तो तुकडा बोटांत धरून पाहिला. गिअरची चेन पातळ असते. आमच्या लांब सायकलला एक पुरेना म्हणून त्यांनी तिला साध्या, जाड चेनचा तुकडा जोडला होता. जाड कड्या पातळ दात्यांवर बसत नव्हत्या.

सरांचा कान चुकला होता. त्यांनी तसं कबूल केलं नाही. ते म्हणाले, "मडावीनं पाहिलं म्हणून. तू तं रोज पाहून राह्यला, तुले काऊन नाई दिसलं?"

दोन पातळ चेनी जोडून एक केली, तर आता नवी अडचण. मागच्या पायडलांचं दात्याचं चाक जुनं, त्याचे दाते जाड. पातळ चेन त्यावर बसेना. दुसरं चाक मिळेना. मग सरांनी कानस मागितली आणि दुकानाच्या स्टुलावर बसून एकेक दाता घासून पातळ करायला घेतला. बोटानं चाचपायचं आणि घासायचं. ती संध्याकाळ मी विसरणार नाही, कारण ते प्रत्येक दात्याला नाव देत होते. "हा अध्यक्ष." घासायचे. "हा त्याचा भाचा." घासायचे. "हा मुख्याध्यापक, याले जास्त घासा लागते." सत्तारभाई हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "माझं बी नाव लाव एखाद्याले." सर म्हणाले, "तुह्यं लावलं ना. तुटला तो."

सायकल चढायला लागली. आणि चढता चढता मधल्या वळणावर चेन तुटली. दुरुस्त केली, पुन्हा तिथेच तुटली. सत्तारभाईंनी या वेळी आम्हा दोघांना दुकानासमोर चालवायला लावलं आणि बाजूनं धावत पाहिलं. मग म्हणाले, "दोघांचे पाय संगं वर येतात, संगं खाली जातात. जोर बी दोघांचा एकदम पडते, अन् मंग एकदम मरते. चेन बिचारी काय करन? पुढची चेन दहा-अकरा दाते सरकवून लावतो. तुझा पाय वर, तवा पोरीचा आडवा. एकाचा जोर संपला का दुसऱ्याचा सुरू."

सर भडकले. शाळेत ते कवायत घेत. दोन माणसं एका कामावर असली तर पाय एकत्र पडले पाहिजेत असं त्यांचं ठाम मत होतं. "भांडण लावून राह्यला काय आमच्यात? मी इकडं ओढू अन् ही तिकडं?"

"ओढून पाह्य ना, मास्तर."

सत्तारभाईंनी पुढची चेन सरकवून बसवली. पहिल्या दिवशी माझा गुडघा चुकत होता आणि मागून सर पुटपुटत होते. पण मधल्या वळणावर जिथे आमचा दम एकाच वेळी संपायचा, तिथे या वेळी तो संपला नाही. माझा पाय ढिला पडला की मागून ताकद यायची. त्यांचा ढिला पडला की मी दाबत असायची. आम्ही वर पोचलो. घंटा व्हायची होती. मुख्याध्यापक लाल पेन उघडून बसले होते, त्यांनी ते बंद केलं. सरांनी सही केली आणि सायकलबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी तक्रार थांबवली म्हणजे कौतुक झालं, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

त्यानंतर लाल रेघ आम्हाला क्वचितच गाठू शकली. आणि घाट हीच माझी शाळा झाली.

मी पुढे बसून नुसतं "खड्डा" म्हटलं की सर खवळायचे. "कुठी? डाव्या हातानं का उजव्या? कोरडा का पाण्याचा?" मी "झाड पडलं आहे" म्हटलं की विचारायचे, "कशाचं? साग का बेहडा? आडवं का तिरपं? आताच पडलं का पानं सुकली?" मला माहीत असायचं, आमच्या घरात सगळ्यांना झाडं माहीत असतात, पण ते कुणाला सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं. "तुले दिसते अन् तू सांगत नाई, मंग तुह्या डोळ्याचा काय उपयोग?" असं म्हणायचे. त्या रागाला भिऊन मी पूर्ण वाक्यात बोलायला शिकले. आधी रस्ता, मग काय आहे, मग त्याचं काय करायचं. आज मी निबंध तपासते तेव्हा मुलांना हेच सांगते, फक्त इतकं ओरडत नाही. कधी कधी वाटतं, ओरडायला हवं.

गावात बोलणं सुरू झालंच. जवान पोरगी आणि मास्तर एका सायकलवर. एक पानठेलेवाला रोज म्हणायचा, "मास्तर, ड्रायवर भारी ठेवली." एकदा सरांनी मला थांबायला सांगितलं. उतरले, काठी टेकत आवाजाच्या दिशेनं गेले आणि म्हणाले, "तुह्या पोरीले बी पाठव. तिले बी शिकवतो. नाव सांग तिचं." त्यानं चुन्याची डबी उघडली. "सांग ना. किती शिकली?" पोरगी चौथीनंतर घरी होती हे सगळ्या ठेल्याला माहीत होतं. सर परत येऊन बसले. "चाल, मडावी." पुढे तो माणूस आम्ही दिसलो की पान लावत राहायचा.

आणि एकदा अध्यक्षांची गाडी घाटात आमच्याजवळ थांबली. काच खाली झाली. आत पाहुणे होते. अध्यक्ष त्यांना म्हणाले, "पाहा, बिचारे किती कष्ट घेतात. आमच्या संस्थेचे शिक्षक आहेत." मग सरांना, "या सर, बसा गाडीत, सोडतो."

सरांनी पायडल थांबवलं नाही, त्यामुळे मलाही थांबवता आलं नाही. गाडी आमच्या बाजूनं हळूहळू येत राहिली. सर म्हणाले, "साहेब, रोज याच टाइमले येता काय गाडी घेऊन?"

"नाही, आज पाहुणे—"

"मंग आज बी जा."

पाहुण्यांसमोर अध्यक्षांचा चेहरा कसा झाला ते सरांनी मला नंतर पूर्ण वाक्यात सांगायला लावलं. दोनदा.

बारावीला मी चांगल्या गुणांनी पास झाले. चंद्रपूरच्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश मिळाला, मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली. सर पेढे घेऊन घरी आले. मी त्यांना सांगितलं की मी जाणार नाही. इथेच राहून बाहेरून परीक्षा देईन. पुढची सीट रिकामी झाली तर त्यांचं काय होणार हे मला दिसत होतं. लाल पेन, मेमो आणि राजुऱ्याची ती खाट. मी गेले असते तर ते सगळं माझ्यामुळे झालं असतं.

मी त्यांना रागावताना रोज पाहिलं होतं. पण त्या दिवसाचा राग वेगळा होता. ते ओरडले नाहीत. पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "मडावी, सत्तारच्या दुकानात चाल."

दुकानात शाळेचे शिपाई नामदेवभाऊ बसलेले होते. नामदेवभाऊ वर्षानुवर्षं वर शाळेतल्याच एका खोलीत राहायचे. त्या उन्हाळ्यात संस्थेनं त्या खोलीत सिमेंटची पोती भरली आणि त्यांना खाली मुलाकडे राहायला पाठवलं. शाळेच्या चाव्या त्यांच्याकडे आणि घंटेचा लाकडी टोलाही त्यांच्याकडे. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. पायडल मारणं त्यांना शक्य नव्हतं, आणि जोडसायकलवर मागच्यानं पायडल फिरवलं की पुढच्याचे पायही फिरतात.

सर जमिनीवर बसले, पुढची चेन चाचपली, जोडाची पिन शोधली आणि सत्तारभाईंकडून हत्यार घेऊन ती काढली. ती चेन माझ्या मापानं बसवलेली होती, दहा-अकरा दाते सरकवून. ती सळसळत खाली आली.

"आता पुढचे पायडल मोकळे," सर म्हणाले. "नामदेवभाऊचे पाय हलणार नाई. ब्रेक त्याचा, डोळे त्याचे. पाय माहे. खालचा गिअर आहे ना, मी एकटा ओढतो."

मी म्हटलं, "सर, मधलं वळण एकट्यानं नाही होणार."

"झालं नाई तं उतरून ढकलीन."

"आणि उशीर झाला तर?"

उत्तर नामदेवभाऊंनी दिलं. "पोरी, घंटा माह्यापाशी आहे. मी पोचल्याबिगर वाजते कशी?"

सत्तारभाई हसले. मी हसले नाही. मला सरांचा इतका राग आला होता की मला रडता पण येईना. मी इतके दिवस जी जागा भरून काढली होती, ती त्यांनी एका पिनेत मोकळी केली. सरांनी चेन जुन्या कापडात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा. इथी राह्यली तं मले परत लावाचा मोह होईन. अन् शिकून मास्तरीण झाली का 'सरांमुळे' म्हणून सांगत नको फिरू. तू बी ओढली आहे."

मी गेले. नामदेवभाऊ निवृत्त झाल्यावर पुढच्या सीटवर कोण कोण बसलं ते मला सत्तारभाईंकडून कळायचं. एक म्हातारी भाजीवाली, जिची टोपली मागच्या कॅरिअरवर बांधून न्यायचे. एक अंगणवाडीची मदतनीस. बरेच दिवस सर मधल्या वळणावर उतरून ढकलत होते, हेही कळलं. मला फोनवर मात्र ते म्हणायचे, "मस्त चढते." मी विचारलं की ओरडायचे, "तू अभ्यास कर. सायकल माही आहे."

ते त्याच शाळेतून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांची सही रेघेच्या वर होती. राजुऱ्याच्या ओसरीत ते कधीच गेले नाहीत. गडचांदूरला भाड्याच्या खोलीत राहिले, स्वतःचा चहा स्वतः केला, आणि यंदा उन्हाळ्यात त्याच खोलीत गेले. शेजाऱ्यांनी सांगितलं, शेवटच्या आठवड्यातही डॉक्टरांच्या माणसाचा हात त्यांनी झटकला होता.

संस्थेनं शोकसभा ठेवली. मोठा बॅनर होता, त्यावर सरांच्या फोटोपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा. मी आलापल्लीजवळ शिकवते, तिथून पहाटेची बस धरून आले. येताना ती चेन पिशवीत घेतली होती. बोलायला सांगितलं तर ती टेबलावर ठेवायची आणि घाट सांगायचा, पहिल्या वळणापासून, पूर्ण वाक्यात, असं ठरवलं होतं. आता खालच्या शाळेचा मुख्याध्यापक झालेला भाचा सूत्रसंचालन करत होता. अध्यक्ष बोलले. म्हणाले, बिचाऱ्या सरांना संस्थेनं शेवटपर्यंत सांभाळलं. त्यांच्यासाठी खास शुद्ध हवेच्या ठिकाणी नेमणूक दिली. टाळ्या झाल्या. मग वेळेअभावी विद्यार्थ्यांची मनोगतं होणार नाहीत असं सांगितलं गेलं.

मी उठून बाहेर आले. पिशवी घट्ट धरून मांडवाच्या कडेला उभी राहिले. कुणीतरी पाणी पुढे केलं, कुणीतरी दंडाला धरून बसवायला आलं, आणि मी तो हात झटकला. मग माझ्या लक्षात आलं की हे मी कुणासारखं केलं.

सत्तारभाई सभेला आले नव्हते. ते दुकानातच बसून होते, म्हणाले, "त्या मांडवात येऊन मी मारामारी केली असती." जोडसायकल मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. निवृत्तीनंतर सरांनी ती त्यांच्या हवाली केली होती. तिच्यावर धूळ होती, पण टायरांत हवा होती. मी पिशवीतून चेन काढली. सत्तारभाईंनी ती कापडातून सोडवली, बोटांत धरून वाकवून पाहिली. एकही कडी अडकत नव्हती.

"तेल देत होती काय?"

"हो."

त्यांनी चेन चाकांवर टाकली आणि पिन लावायच्या आधी वर पाहिलं. "पाय संगं ठेवू का मागंपुढं?"

"होते तसेच."

मी साडीचा पदर खोचला आणि पुढच्या सीटवर बसले. सत्तारभाई म्हणाले, गुडघे राहिले नाहीत, नाही तर मागे बसलो असतो. मी एकटीच निघाले. सायकल हाताला जड होती, मागे वजन नसल्यानं डोलत होती. मी पायडल दाबलं की मागची पायडलंही फिरत होती, माझ्यापेक्षा थोडी उशिरा, जशी ती नेहमी फिरायची. मी मागे वळून पाहिलं नाही. तिथं काय आहे ते मला माहीत होतं.

गाव संपलं. चुनखडीचा डेपो मागे पडला. डाव्या हाताला एक कोरडा खड्डा, त्याच्या पुढे रस्त्यावर बेहड्याची फांदी, पानं अजून हिरवी, उजवीकडून निघायला जागा. हे मी मोठ्यानं सांगितलं. मग घाटाचा चढ लागला आणि मला आठवलं की गिअरचा खटका मागच्या हँडलला आहे. माझा हात तिथे पोचत नाही, पोचू नये म्हणूनच तो तिथे बसवलेला होता. मी दात आवळून पाय दाबला. वाटलं होतं, आता जड जाईल, आता उतरावं लागेल. सायकल अडली नाही. ती हळूहळू, एकसारखी चढत राहिली.

सर शेवटचे उतरले तेव्हा गिअर चढाचाच ठेवून उतरले होते.